हवेने भरलेल्या फुप्फुसाची सोनोग्राफी

पोटाची सोनोग्राफी ठरली, की दवाखान्यातून सूचना मिळतात : उपाशीपोटी या; भरपूर पाणी पिऊन, लघवी न करता या. उपाशी राहिले की पित्ताशय भरलेले राहते आणि आतड्यांतला वायूही कमी होतो. भरलेले मूत्राशय आतड्यांना बाजूला सारते आणि ध्वनिलहरींना आत शिरायला पाण्याची वाट मिळते. तपासणीच्या वेळी पोटावर जे गार जेल चोपडतात, तेही अंगावर फिरवायचा प्रोब आणि कातडी यांच्यामधली हवा घालवण्यासाठीच. थोडक्यात, सोनोग्राफीचे पाण्याशी चांगले जमते आणि हवेशी मुळीच जमत नाही.

मग जो अवयव हवेसाठीच घडला आहे, त्याची सोनोग्राफी कशी करायची? अनेक वर्षे वैद्यकातले उत्तर सरळ होते : फुप्फुसाची सोनोग्राफी होत नाही. आज मात्र अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या छातीवर प्रोब ठेवून डॉक्टर काही मिनिटांत फुप्फुसाची अवस्था सांगतात. प्रयोगशाळेतल्या पंचवीस-तीस ग्रॅम वजनाच्या उंदराच्या फुप्फुसाला किती इजा झाली, हेही त्याच पद्धतीने, त्याचा जीव न घेता पाहता येते. ज्या अडचणीमुळे ही तपासणी अशक्य वाटत होती, तिच्यातच हा मार्ग सापडला.

हवा आडवी आली की काय होते

सोनोग्राफीचे यंत्र कानाला ऐकू न येणारा ध्वनी शरीरात सोडते आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजते. मऊ ऊतींमध्ये, म्हणजे मांस, चरबी, यकृत यांसारख्या भागांत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो, असे यंत्रात गृहीत धरलेले असते. कातडीखाली दोन सेंटीमीटरवर असलेल्या पृष्ठभागावरून ध्वनी आदळून परत यायला सेकंदाचे सुमारे २६ दशलक्षांश भाग लागतात. या वेळेवरून यंत्र अंतर काढते आणि पडद्यावर तितक्या खोलीवर ठिपका उमटवते.

एका ऊतीतून दुसऱ्या ऊतीत जाताना ध्वनीचा थोडाच भाग परावर्तित होतो आणि बाकीचा पुढे जातो. ऊतीच्या पलीकडे हवा असेल, तर ९९ टक्क्यांहून जास्त ध्वनी तिथूनच माघारी फिरतो. निरोगी फुप्फुसाच्या बाबतीत हेच घडते. बरगड्यांच्या फटीतून गेलेला ध्वनी फुप्फुसावरणापर्यंत, म्हणजे फुप्फुसावरच्या पातळ पडद्यापर्यंत पोहोचतो आणि आतली हवा त्याला परत पाठवते. यंत्राच्या पडद्यावर एक ठळक आडवी रेघ दिसते. तिला फुप्फुसावरण-रेषा म्हणतात.

परत आलेला ध्वनी प्रोबच्या पृष्ठभागावर आदळतो, पुन्हा आत जातो, पुन्हा हवेवर आपटून बाहेर येतो. केशकर्तनालयात समोरासमोर आरसे लावलेले असले, की एकाच माणसाची प्रतिमा मागे मागे, सारख्या अंतरावर उमटत जाते. इथेही तसेच होते. फुप्फुसावरण दोन सेंटीमीटरवर असेल, तर चार, सहा, आठ सेंटीमीटरवर तशाच पण फिकट होत जाणाऱ्या आडव्या रेघा दिसतात. त्यांना ए-रेषा म्हणतात. त्या खोलीवर प्रत्यक्षात अशी कोणतीही रचना नसते. तरीही या रेघांना अर्थ आहे : फुप्फुसावरणाच्या लगेच खाली हवा आहे.

आणखी एक खूण हालचालीची. श्वास घेताना फुप्फुसाचा पृष्ठभाग छातीच्या भिंतीला आतून घासत पुढे-मागे सरकतो आणि फुप्फुसावरण-रेषेवर ही सरक जिवंत दिसते. फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये हवा शिरली, तर ए-रेषा दिसत राहतात, पण सरक थांबते.

आधी घोडा, मग माणूस

ही सरक प्रथम नोंदली गेली ती माणसात नव्हे. नॉर्मन रँटानन या अमेरिकी पशुवैद्यकाने १९८६ मध्ये घोड्यांच्या छातीच्या रोगांविषयी लिहिताना, छातीत हवा साठली की फुप्फुसाची सरक दिसेनाशी होते, असे नोंदवले. घोड्याच्या प्रचंड छातीचा एक्स-रे काढणे जिकिरीचे असते. त्यामुळे तबेल्यात नेता येईल अशा यंत्राची गरज पशुवैद्यकांना जास्त होती.

पॅरिसजवळच्या आंब्रवाज-पारे रुग्णालयातले अतिदक्षता-तज्ज्ञ डॅनियल लिश्टेनश्टाइन यांनी १९९५ मध्ये गंभीर रुग्णांमध्ये याच खुणेचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. १९९७ मध्ये त्यांनी फुप्फुसात पाणी वाढल्यावर दिसणाऱ्या उभ्या रेघांचा अर्थ मांडला आणि २००८ मध्ये धाप लागलेल्या रुग्णाच्या तपासणीचा क्रम ठरवून दिला. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या शिफारशी आल्या. घोड्यावरून माणसाकडे आलेली ही विद्या त्यानंतर डुक्कर, ससा, उंदीर यांच्याकडे, म्हणजे पुन्हा प्राण्यांकडे, अधिक अचूक होऊन गेली.

पाणी वाढले, चित्र बदलले

फुप्फुसातले वायुकोश म्हणजे हवेच्या अतिसूक्ष्म पिशव्या. त्यांच्या भिंतींमधून केशवाहिन्या जातात आणि रक्त व हवा यांच्यात फक्त एक पातळ पडदा असतो. जंतुसंसर्ग, विषारी वायू, पोटातले आम्ल श्वासनलिकेत जाणे, जबर मार अशा कारणांनी हा पडदा दुखावला, की तो गळू लागतो. रक्तातले पाणी आणि प्रथिने आधी वायुकोशांच्या भिंतींमध्ये आणि मग वायुकोशांतच उतरतात.

पहिल्या टप्प्यात हवेच्या पिशव्यांमध्ये ओलसर ऊतींचे बारीक मार्ग तयार होतात. आजवर दारातूनच परत फिरणाऱ्या ध्वनीला आता या फटींतून आत शिरता येते. आत तो हवेच्या पिशव्यांवर इकडून तिकडे आपटत राहतो आणि थोडा थोडा करून बाहेर झिरपतो. यंत्राच्या लेखी उशिरा आलेला प्रतिध्वनी म्हणजे खोलवरून आलेला प्रतिध्वनी. म्हणून फुप्फुसावरण-रेषेपासून निघून थेट पडद्याच्या तळापर्यंत जाणारी एक उजळ उभी रेघ उमटते. ही बी-रेषा. ती श्वासाबरोबर सरकते आणि वाटेतल्या ए-रेषा पुसून टाकते.

पाणी वाढेल तशा बी-रेषा वाढतात, एकमेकींत मिसळतात आणि पडद्याचा मोठा पट्टा पांढरा होतो. वायुकोशांतली हवा जवळपास संपली, की ध्वनीला अडवणारे काही उरत नाही. तेव्हा फुप्फुसाचा तो भाग यकृतासारखा घट्ट दिसू लागतो. त्याला घनीभवन म्हणतात. निरोगी फुप्फुस दिसतच नाही. आजारी फुप्फुस जितके जास्त दुखावलेले, तितके ते खरोखर दिसू लागते.

एका नजरेत : पडद्यावरच्या खुणा

- ए-रेषा आणि सरक : फुप्फुसावरणाखाली हवा आहे आणि फुप्फुस हलते आहे, बहुधा निरोगी भाग.
- ए-रेषा, पण सरक नाही : फुप्फुसाबाहेर हवा साठल्याची शंका.
- बरगड्यांच्या एका फटीत तीन किंवा अधिक बी-रेषा : हवा कमी, पाणी किंवा ऊती जास्त.
- मिसळलेल्या बी-रेषा : हवा आणखी घटली.
- घनीभवन : त्या भागात हवा जवळपास उरलेली नाही.
- गुणांकन : माणसात छातीचे १२ भाग पाडून प्रत्येकाला ० ते ३ गुण देतात. एकूण ३६, गुण जास्त तितकी अवस्था वाईट.

इजा मोजायची कशी?

१९६७ मध्ये ॲशबॉ, पेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये १२ रुग्णांचे वर्णन केले. कारणे वेगवेगळी होती, पण सगळ्यांची फुप्फुसे अचानक ताठर झाली होती आणि ऑक्सिजन देऊनही रक्तातला ऑक्सिजन वाढत नव्हता. ही अवस्था आज एआरडीएस या नावाने ओळखली जाते. कोविडच्या साथीत व्हेंटिलेटरवर गेलेल्या असंख्य रुग्णांना हीच व्याधी होती. वायुकोशांच्या पडद्याची गळती थेट थांबवणारे खात्रीचे औषध अजून हाती आलेले नाही. म्हणून प्राण्यांमध्ये अशी इजा घडवून तिचा अभ्यास होतो : शिरेतून ओलेइक आम्ल देणे, जिवाणूंच्या आवरणातले विष देणे, फुप्फुस सलाइनने धुऊन वायुकोश उघडे ठेवणारा नैसर्गिक लेप काढून टाकणे किंवा व्हेंटिलेटरने जास्त दाबाची हवा भरणे.

इजा किती झाली, हे ठरवण्याची जुनी विश्वासू पद्धत तराजूची आहे. प्राणी मारायचा, फुप्फुस काढून वजन करायचे, भट्टीत पूर्ण वाळवायचे आणि पुन्हा वजन करायचे. ओल्या आणि कोरड्या वजनाचे गुणोत्तर वाढले, तर फुप्फुसात पाणी जास्त. याच्या जोडीला सूक्ष्मदर्शकाखाली ऊतींचे काप पाहतात आणि वायुकोश धुतलेल्या पाण्यात प्रथिने किती उतरली ते मोजतात. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या २०११ च्या अहवालाने निकष घालून दिले : ऊतींची प्रत्यक्ष हानी, पडद्याची गळती, दाह आणि श्वसनकार्यातला बिघाड या चारांपैकी किमान तीन गोष्टी दिसल्या, तरच प्राण्यात तीव्र फुप्फुस-इजा झाली असे मानावे.

यांतल्या महत्त्वाच्या मोजमापांसाठी प्राण्याचा जीव जातो. एका प्राण्याकडून एकाच क्षणाची माहिती मिळते. आदल्या दिवशी त्याचे फुप्फुस कसे होते आणि दुसऱ्या दिवशी कसे झाले असते, हे कधीच कळत नाही.

डुकरांवरचे दोन प्रयोग

पडद्यावरच्या पांढऱ्या रेघांवर विश्वास ठेवायचा, तर त्या तराजूशी जुळायला हव्यात. इटलीतल्या पिसा इथल्या लुना गार्गानी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये छोट्या जातीच्या डुकरांना ओलेइक आम्ल देऊन पाहिले. रक्तातला ऑक्सिजन घसरण्याआधीच सोनोग्राफीत उभ्या रेघा वाढलेल्या दिसल्या. फुप्फुसात पाणी साठायला लागले तरी उरलेले निरोगी वायुकोश काही काळ काम भागवतात, म्हणून रक्ततपासणी मागे राहते. सोनोग्राफीला मात्र पहिला ओलावाच दिसतो.

२०१० मध्ये डुकरांवरच्या आणखी एका प्रयोगात यामब्रिक आणि सहकाऱ्यांनी बी-रेषांची मोजणी आणि फुप्फुसाचे ओले-कोरडे वजन यांची सांगड घातली. बी-रेषा जितक्या जास्त, तितके फुप्फुसातले पाणी जास्त, असा पक्का संबंध दिसला. अशा पडताळणीमुळे पुढच्या संशोधकांना जिवंत प्राण्यात बी-रेषा मोजून पाण्याचा अंदाज बांधणे शक्य झाले.

पंचवीस ग्रॅमचा रुग्ण

डुकराची छाती आकाराने माणसाच्या जवळची, त्यामुळे माणसासाठीचा प्रोब चालतो. उंदराचे सगळेच वेगळे. त्याच्या डाव्या फुप्फुसाला एकच खंड, उजव्याला चार. एका श्वासात आत जाणारी हवा ०.२ मिलिलिटरच्या आसपास. फुप्फुसावरण कातडीखाली अवघ्या काही मिलिमीटरवर.

माणसासाठी वापरल्या जाणाऱ्या ५ मेगाहर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी ऊतींमध्ये सुमारे ०.३ मिलिमीटर असते. तरंगलांबीपेक्षा बारीक तपशील नीट वेगळे दिसत नाहीत, म्हणून उंदरासाठी ४० मेगाहर्ट्‌झच्या आसपासचे प्रोब वापरतात. त्यांची तरंगलांबी ०.०४ मिलिमीटरच्या घरात येते. इतका उच्च ध्वनी फार खोल जात नाही, पण उंदराच्या छातीत फार खोल जायचेच नसते.

तपासणीआधी उंदराला आयसोफ्लुरेनसारख्या वायूची भूल देतात आणि छातीवरचे केस क्रीमने काढतात, कारण केसांत अडकलेली हवाही चित्र बिघडवते. भुलीत असलेला छोटा प्राणी झपाट्याने गार पडतो, म्हणून त्याला ऊबदार पाटावर ठेवतात आणि जेलही कोमट करून लावतात. पंजांना लावलेल्या तारांमधून हृदयाचे ठोके मोजले जातात. मग छातीच्या दोन्ही बाजूंना, ठरलेल्या बरगड्यांच्या फटींत, ठरलेल्या क्रमाने प्रोब ठेवून चित्रफिती नोंदवतात. त्या नंतर पाहून गुण देणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला, हे सांगितलेले नसते. चाचणीतल्या औषधाकडून आशा असलेला माणूस नकळत बी-रेषा कमी मोजू शकतो, म्हणून ही काळजी.

माद्रिदमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये हृदयविकार घडवलेल्या उंदरांमध्ये फुप्फुसातले पाणी अशा तपासणीने टिपता येते, असे दाखवले. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाशी संबंधित गटाने २०२० मध्ये प्राण्यांमधल्या या तपासणीचा आढावा घेऊन ती रुग्णाच्या खाटेजवळून प्रयोगशाळेत कशी आणावी, याची मांडणी केली.

तोच प्राणी, पुन्हा पुन्हा

समजा, औषधाचा परिणाम पाच वेगवेगळ्या वेळी पाहायचा आहे आणि प्रत्येक वेळी आठ उंदीर हवेत. तराजूच्या पद्धतीने एका गटालाच चाळीस उंदीर लागतील. सोनोग्राफीने तेच आठ उंदीर पाचही वेळा तपासता येतात आणि शेवटी फक्त त्यांच्याच फुप्फुसांचे वजन करून पडद्यावरच्या नोंदी ताडून पाहता येतात. शिवाय प्रत्येक उंदराची तुलना त्याच्याच आधीच्या अवस्थेशी होते. एखादा उंदीर मुळातच अशक्त असेल, तर ते पहिल्याच तपासणीत कळते आणि औषधाला नाहक दोष किंवा श्रेय मिळत नाही.

विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी तीन तत्त्वे मांडली : शक्य तिथे पर्याय शोधा, प्राण्यांची संख्या घटवा, त्यांचा त्रास कमी करा. सोनोग्राफी दुसऱ्या आणि तिसऱ्या तत्त्वाला थेट हातभार लावते. इजा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलेला प्राणी वेळीच ओळखता येतो आणि त्याचे हाल लांबत नाहीत. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेली केंद्रीय समिती अशा प्रयोगांवर देखरेख करते. प्रत्येक संस्थेच्या नैतिकता समितीपुढे, किती प्राणी लागणार आणि का, याचा हिशेब मांडावा लागतो. पुण्या-मुंबईतल्या प्रयोगशाळांनाही तो चुकत नाही. त्या हिशेबात चाळिसाच्या जागी आठ हा आकडा फार मोलाचा आहे.

चित्र कुठे फसवते

बी-रेषा हवा घटल्याचे दाखवते, ती का घटली ते सांगत नाही. हृदय थकल्याने फुप्फुसात पाणी साठले तरी बी-रेषा येतात, पडदा गळल्यानेही येतात आणि ब्लिओमायसिन हे औषध देऊन फुप्फुसात चट्टे पाडले तरीही येतात. फरक बारकाव्यांत असतो. हृदयामुळे आलेल्या पाण्यात फुप्फुसावरण-रेषा सहसा गुळगुळीत असते आणि बी-रेषा बऱ्यापैकी सारख्या पसरलेल्या असतात. थेट इजेत ती रेषा खडबडीत होते, खाली छोटी घनीभवने दिसतात आणि दुखावलेल्या भागांच्या मध्येच निरोगी भागही सुटलेले असतात.

दुसरी फसगत भुलीमुळे होते. भुलीत बराच वेळ एका कुशीवर पडलेल्या प्राण्याच्या फुप्फुसाचा खालचा भाग दबून मिटतो आणि तिथे बी-रेषा किंवा घनीभवन दिसते. इजा न केलेल्या उंदरातही हे होऊ शकते. म्हणून भुलीचा काळ, प्राण्याची स्थिती आणि दिलेल्या ऑक्सिजनचे प्रमाण सर्व गटांत सारखे ठेवावे लागते. तिसरी मर्यादा जागेची : फुप्फुसाच्या पृष्ठभागापर्यंत न पोहोचलेली, आत खोलवर असलेली इजा ध्वनीला दिसत नाही. तिच्यासाठी छोट्या प्राण्यांचा सीटी स्कॅन लागतो.

या मर्यादा ओळखूनही रुग्णसेवेने ही पद्धत स्वीकारली आहे. रवांडातल्या किगाली इथे सीटी आणि व्हेंटिलेटर दुर्मीळ असताना एआरडीएस ओळखता यावा, म्हणून २०१६ मध्ये निकषांचा एक बदललेला आराखडा प्रसिद्ध झाला आणि त्यात एक्स-रेऐवजी सोनोग्राफी चालेल असे ठरले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक व्याख्येतही सोनोग्राफीला स्थान मिळाले. आता प्रयोगशाळेतल्या उंदरात आणि रुग्णालयातल्या माणसात तीच खूण पाहिली जाते, त्यामुळे प्राण्यात दिसलेला फरक माणसात शोधणे सोपे झाले आहे.

लहरींमुळेच इजा?

फुप्फुसाच्या बाबतीत सोनोग्राफीला एक खास धोकाही जोडलेला आहे आणि तो प्राण्यांमध्येच समोर आला. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवले, की ध्वनीचे पुरेसे तीव्र स्पंद दिल्यावर उंदराच्या फुप्फुसातल्या केशवाहिन्या फुटून रक्तस्राव होतो. पुढे इतर प्राण्यांमध्येही असेच आढळले. ध्वनीचा दाब हवेच्या सीमेवर अचानक उलटतो आणि तिथल्या नाजूक केशवाहिन्यांना त्याचा ताण बसतो. गर्भातल्या बाळाच्या फुप्फुसात हवा नसते, द्रव असतो, त्यामुळे हवेच्या सीमेशी जोडलेला हा धोका तिथे उद्भवत नाही.

मिशिगन विद्यापीठात डग्लस मिलर यांनी रोजच्या तपासणीतल्या यंत्रांनी रॅट जातीच्या उंदरांवर हे पुन्हा पाहिले आणि भुलीच्या औषधाचाही वाटा असतो हे दाखवले : केटामाइनबरोबर झायलाझिन दिले, की रक्तस्राव वाढत होता. प्राण्यांच्या प्रयोगशाळांमध्ये ही जोडी सर्रास वापरली जाते.

या धोक्याचा अंदाज देणारा आकडा यंत्राच्या पडद्यावरच असतो. त्याला यांत्रिक निर्देशांक म्हणतात. ध्वनीच्या उणे दाबाचे मेगापास्कलमधले शिखर, भागिले मेगाहर्ट्‌झमधल्या वारंवारितेचे वर्गमूळ, असा तो काढतात. अमेरिकेत रोगनिदानाच्या यंत्रांसाठी त्याची कमाल मर्यादा १.९ आहे. नवजात बालकाच्या फुप्फुसाबाबत मात्र, हा आकडा ०.३ च्या वर गेला तर किरकोळ इजेची शक्यता धरावी, असे ब्रिटिश वैद्यकीय अल्ट्रासाउंड सोसायटी सांगते.

ज्या प्रयोगात इजाच मोजायची आहे, तिथे मोजणाऱ्या यंत्राने स्वतः इजा केली तर सगळा निष्कर्ष वाया जातो. म्हणून ध्वनीची शक्ती चित्र दिसण्यापुरतीच ठेवावी, प्रोब एका जागी थोडाच वेळ धरावा आणि शोधनिबंधात वारंवारिता, यांत्रिक निर्देशांक, भुलीचे औषध व तपासणीचा वेळ स्पष्ट नोंदवावा. त्याबरोबर प्रयोगात आणखी एक छोटा गट हवा : ज्या उंदरांना इजा केलेली नाही, पण ज्यांची सोनोग्राफी बाकीच्यांइतक्याच वेळा, त्याच भुलीत झाली आहे. शेवटी त्यांच्याही फुप्फुसांचे वजन केले, काप पाहिले आणि ती निरोगी निघाली, तरच दुसऱ्या गटातल्या पांढऱ्या रेघा औषधाविषयी काही सांगतात असे मानता येते.